शाळा शोधणारा वर्ग

दिवाळी सरून थंडी पडूं लागली, कीं पुण्यांतील शिक्षित कुटुंबांत एक नवें पर्व सुरू होतें. ह्या पर्वास पंचांगांत स्थान नाहीं. पण ज्या घरीं दोन-अडीच वर्षांचें मूल आहे त्या घरीं एकादशी एकवेळ चुकेल, हें पर्व चुकावयाचें नाहीं. कोणत्या शाळेचे अर्ज निघाले, कोणत्या शाळेंत भावंडांस अग्रक्रम मिळतो, कोणत्या शाळेची गाडी बाणेरपर्यंत येते, कोठें आईबापांचीहि मुलाखत घेतात आणि त्या मुलाखतींत काय विचारतात, ह्या वार्तांची देवघेव हळदीकुंकवाच्या समारंभांत चालते, कचेरींत मधल्या सुट्टींत चालते, आणि रात्रीं मूल निजल्यावर हातांतील मोबाईलवर बारा वाजेपर्यंत चालते. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, तें मूल दिवसभर वाटीवर चमचा आपटून त्याचा नाद ऐकण्यांत दंग असतें. वस्तुतः त्याचें शिक्षण केव्हांच सुरू झालेलें असतें. पण तिकडे लक्ष देण्यास कोणास फुरसत नसते.

ह्या धांदलीची थट्टा करणें सोपें आहे, व ती पुष्कळांनीं केलीहि आहे. आम्हांस ती करावयाची नाहीं. ज्या आईस ह्या चिंतेनें रात्रीं झोंप येत नाहीं तिचें दुखणें खरें आहे. आणि बालवर्गाच्या फीसाठीं ज्या बापानें कर्जाचे हप्ते बांधून घेतले त्याची ओढाताणहि खरी आहे. परंतु दुखणें खरें असलें, म्हणून रोग्यानें स्वतः केलेलें निदान खरें ठरत नाहीं. शिक्षित वर्गाचें निदान असें कीं, चांगल्या शाळा थोड्या व मुलें फार, म्हणून ही जीवघेणी चढाओढ. आमचें निदान निराळें आहे. ज्या वर्गानें एके काळीं ह्या शहरांत शाळा काढल्या, त्याच वर्गानें शाळा चालविण्याचें काम टाकून देऊन शाळा विकत घेण्याचें काम पत्करलें, आणि त्यांतून ही चढाओढ उपजली. चालविणाऱ्यास कष्ट असतात; विकत घेणाऱ्यास धास्ती असते. हें दुखणें गिऱ्हाइकाचें दुखणें आहे, आणि गिऱ्हाईकपण सुटल्यावांचून तें बरें व्हावयाचें नाहीं.

ह्या व्यवहाराचें रूप नीट न्याहाळलें, तर तो आपल्या समाजास अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. आजोबा-पणजोबांच्या काळीं मुलीसाठीं जीं स्थळें पाहत, त्याचीच ही नवी आवृत्ति होय. तेव्हां पत्रिका मागवीत. आतां जन्माचा दाखला मागवितात, आणि ३१ डिसेंबर ह्या तारखेच्या अलीकडे जन्मलेल्या मुलाचें व पलीकडे जन्मलेल्या मुलाचें भाग्य निराळें ठरतें. तेव्हां मुलीस चालून दाखवावें लागे, चार ओळी वाचून दाखवाव्या लागत. आतां मुलास रंग ओळखून दाखवावे लागतात, आणि अनोळखी बाईंपुढें न रडतां बसून दाखवावें लागतें. तेव्हां वरपक्षाची मंडळी घराणें पाहत. आतां शाळा आईबापांचा हुद्दा पाहते व त्यांचें इंग्रजी संभाषण ऐकते. देण्याघेण्याचीं बोलणीं तेव्हांहि दबक्या आवाजांत होत, आतांहि होतात. हुंड्यास १९६१ च्या कायद्यानें बंदी केली. शिक्षणसंस्थांनीं प्रवेशासाठीं देणगी उकळण्यास महाराष्ट्रांत १९८७ च्या कायद्यानें बंदी केली. आणि दोन्ही ठिकाणीं पुष्कळदां व्यवहार तसाच राहून त्याचें नांव तेवढें बदललें. फरक एवढाच कीं, वधूपित्याच्या अगतिकतेविरुद्ध ह्याच शिक्षित वर्गानें पूर्वीं लेख लिहिले, नाटकें लिहिलीं, परिषदा भरविल्या. आज तोच वर्ग स्वतः वधूपिता होऊन मांडवाच्या दारांत हात जोडून उभा आहे, आणि ह्या अवस्थेस तो निवडीचें स्वातंत्र्य म्हणतो. निवड कोण कोणाची करीत आहे, हें ज्यानें मुलाखतीच्या दालनाबाहेर बाकावर बसून अर्धा तास काढला आहे त्यास सांगावयास नको.

कोणी म्हणेल, असल्या मुलाखतींस कायद्यानें मनाई आहे. आहे खरी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमान्वयें, प्रवेश देतांना मुलास वा आईबापांस चाळणी लावणाऱ्या शाळेस पहिल्या वेळीं २५,००० व पुढें प्रत्येक वेळीं ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु हा कायदा मुख्यतः सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. आणि नांवाजलेल्या खाजगी शाळेचा दरवाजा तिसऱ्या वर्षींच क्षणभर उघडतो व मिटतो. बालवर्गांत घेतलेलीं मुलेंच पुढें पहिलींत सरकवितात. तेथें बाहेरच्या मुलास जागा उरली तर उरली. म्हणजे राज्यानें पहारा बसविला तो सहाव्या वर्षाच्या वेशीवर, आणि वाटमारी चालते ती तिसऱ्या वर्षाच्या वळणावर. शिवाय तक्रार कोणीं करावी? ज्यांस प्रवेश मिळाला ते बोलत नाहींत, कारण मुलास पुढचीं दहा-बारा वर्षें त्याच छपराखालीं काढावयाचीं आहेत. ज्यांस मिळाला नाहीं ते बोलत नाहींत, कारण दुसऱ्या शाळेची मुलाखत परवांवर आली आहे. अशा रीतीनें हा कायदा गिऱ्हाइकांच्या मौनानेंच निकालांत निघतो.

बरें, ही निवड तरी कशाची? एक शाळा दिल्लीच्या मंडळाची, दुसरी इंग्लंडांतील केंब्रिजशीं जोडलेली, तिसरी जिनीव्हा येथें १९६८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या अभ्यासक्रमाची; आणि आपल्या राज्याच्या मंडळाची शाळा ह्या उतरंडींत सर्वांत खालीं. तीन वर्षांच्या मुलासाठीं सुविद्य आईबाप ह्या मंडळांची तुलना करीत बसतात, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. मंडळ म्हणजे शेवटीं अभ्यासक्रम आंखणारी व परीक्षा घेणारी कचेरी. आणि ती परीक्षा हें मूल देणार तें आणखी बारा वर्षांनीं. आज त्यास जें हवें तें ह्यांपैकीं कोणतीच कचेरी देऊं शकत नाहीं. वर्गांत बेताचीं मुलें असावीं, बाईंनीं नांवानें हांक मारावी, धांवावयास अंगण असावें, ऐकावयास गोष्टी असाव्या, आणि शाळा घरापासून चालत जातां येईल इतकी जवळ असावी, एवढेंच त्याचें मागणें. ह्या पांच गोष्टींची चौकशी करणारे पालक क्वचितच भेटतात. माहितीपत्रकांत पोहण्याचा तलाव असतो, घोडेस्वारी असते. वर्गावरील बाईंस पगार किती मिळतो व त्या त्या शाळेंत किती वर्षें टिकतात, हें त्यांत नसतें, आणि कोणी विचारीतहि नाहीं. परिणाम असा होतो कीं, शहराच्या एका टोकाचें मूल दुसऱ्या टोकाच्या शाळेंत जाण्यासाठीं पहांटे उठतें, आणि त्याच्या बालपणांतील रोजचा तास-दीड तास गाडींत डुलक्या घेण्यांत जातो. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें कामास आरंभ केला, तेव्हां त्यांची दृष्टि ह्याच्या अगदीं उलट होती. मूल शाळेंत येऊं शकत नसेल, तर शाळेनें त्याच्या अंगणांत जावें, असा त्यांचा प्रयत्न होता, व अंगणवाडीची कल्पना त्या कामांतून रुजली. अंगणांत आलेली ती शाळा आतां पुन्हां गांवाबाहेर गेली आहे, आणि तिच्या गाडीचें भाडें निराळें आकारलें जातें.

आतां थोडें मागें वळून पाहूं. १ जानेवारी १८८० रोजीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं सरकारी शाळेंतील नोकरी सोडली होती. टिळक नुकतेच कायद्याची परीक्षा उतरले होते. दोघांसहि ह्या शाळेपेक्षां बरी मिळकत सहज होण्यासारखी होती. १८८३ सालीं नूतन मराठी विद्यालय निघालें. १८८४ सालीं मुलींसाठीं हुजूरपागेची शाळा निघाली, व त्याच वर्षीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. गोपाळराव गोखले तरुणपणीं ह्याच न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक होते. आणि धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत व उरलेलें बळ हिंगण्याच्या आश्रमास देत. ह्या मंडळींत आपसांत मतभेद थोडे नव्हते, व ते कडाक्याचे होते. परंतु 'कोणती शाळा मिळेल' हा प्रश्न त्यांच्या डोक्यांत कधीं आला नाहीं. 'शाळा कशी असावी' ह्या प्रश्नावर तीं भांडलीं. ह्या दोन प्रश्नांमध्यें जें अंतर आहे, तेवढा हा वर्ग गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत खालीं आला आहे.

हा इतिहास निष्कलंक होता, असें मात्र कोणीं समजूं नये. १८४८ सालीं भिडे वाड्यांत ज्योतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेंकणारे लोक ह्याच पुण्याच्या पेठांतले होते. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन करतांना ज्योतिरावांनीं दाखवून दिलें कीं, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या श्रमांतून येतो, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. तेव्हां आधीं प्राथमिक शिक्षण सर्वांस द्या. १९११ सालीं गोखल्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. तें पुढच्या वर्षीं फेटाळलें गेलें. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ ह्या काळांत कोठारी आयोगानें काम केलें. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या महाराष्ट्राचेच. श्रीमंत-गरीब सर्वांचीं मुलें वस्तींतल्या एकाच शाळेंत शिकावीं, अशी शिफारस त्या आयोगानें केली. ह्या सर्वांचीं मतें व मार्ग निरनिराळे होते. परंतु मुलाची पहिली शाळा ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, ह्याविषयीं त्यांच्यांत दुमत नव्हतें.

ह्या विचारास शिक्षित वर्गानें मान डोलविली, आणि आपलें मूल तेवढें हळूच बाहेर काढून घेतलें. महानगरपालिकेच्या शाळेंतून प्रथम प्राध्यापकाचें मूल गेलें, मग कारकुनाचें गेलें, मग नगरसेवकाचें गेलें, आणि शेवटीं त्या शाळेंतील शिक्षकाचेंहि गेलें. पुढें पेठांतील अनुदानित मराठी शाळांवर तीच पाळी आली. कित्येक जुन्या संस्थांनीं आपल्याच आवारांत इंग्रजी शाळा काढल्या, आणि मराठी वर्गाच्या तुकड्या एकेक करून मिटत गेल्या. शाळा बिघडल्या म्हणून त्या सोडाव्या लागल्या, असें हा वर्ग सांगतो. थोडा विचार केला तर क्रम उलटा दिसतो. शाळेंतील नळ मोडला असतां कचेरीस पत्र लिहिणारा, पत्राचें उत्तर न आल्यास कचेरींत जाऊन बसणारा, आणि साहेबानें टाळाटाळ केल्यास वर्तमानपत्राकडे जाणारा जो पालक, तो निघून गेला, तेव्हांपासून नळ मोडलेलाच राहिला. जे मागें राहिले त्यांस रोजची मजुरी बुडवून कचेरीची पायरी चढणें परवडत नाहीं. आणि परवडलें तरी त्यांचें ऐकून घेण्याची कचेरीस संवय नाहीं.

येथें वाचकांचे दोन आक्षेप येतील हें आम्ही जाणून आहों. पहिला आक्षेप इंग्रजीचा. इंग्रजीवांचून मुलाचें पुढें कसें होणार, असें विचारतात. परंतु महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय २००० सालींच अंमलांत आला. आणि गणित व विज्ञान इंग्रजींतून शिकविणारे सेमी-इंग्रजी वर्ग पुष्कळ मराठी शाळांत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि निदान पांचवीपर्यंत शक्य तेथें घरच्या भाषेंतून शिकवावें असेंच म्हटलें आहे. इतकें असूनहि मराठी शाळेचें नांव काढतांच चेहरा उतरतो, ह्याचें कारण निराळें आहे, व तें स्पष्ट बोललेलें बरें. खरी भीति भाषेची नाहीं, सोबतीची आहे. धुणीभांडीं करणाऱ्या बाईंचें मूल व आपलें मूल एका बाकावर बसेल, त्याची भाषा ह्याच्या तोंडीं येईल, ही ती भीति. ती उघड बोलण्याची लाज वाटते, म्हणून तिला 'वातावरण' असें सभ्य नांव दिलें आहे.

ह्या भीतीचा पुरावा दूर शोधावयास नको. २००९ च्या कायद्यानें विनाअनुदानित खाजगी शाळांतील पहिल्या पायरीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठीं राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें अधिसूचना काढून, जवळ एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस ह्या बंधनांतून मोकळें केलें. शहरांत अशी शाळा कोठें नाहीं? म्हणजे सवलत जवळजवळ सर्वांसच. कांहीं पालक व कार्यकर्ते न्यायालयांत गेले, आणि जुलै २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती अधिसूचना रद्द ठरविली. ह्या पांच-सहा महिन्यांत शाळेच्या गाडीच्या वेळा, गणवेशाचें दुकान आणि सहलीचा खर्च ह्यांवर आपल्या बैठकींत किती चर्चा झाली, आणि ह्या अधिसूचनेवर किती झाली, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक शाळा सुधारावी हें खरें. पण तोंवर आमच्या मुलावर प्रयोग कां, असें आईबाप विचारतात. ह्या प्रश्नास उडवून लावण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. महानगरपालिकेच्या शाळांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात; असलेल्या शिक्षकांस जनगणना व निवडणुकीच्या कामीं धाडतां येतें, आणि त्यास कायद्याचीच मुभा आहे; एका बाईंस दोन वर्ग सांभाळावे लागण्याचे प्रसंगहि येतात. एकट्यादुकट्या कुटुंबानें ध्येयवाद म्हणून आपलें मूल तेथें नेऊन बसविलें, तर शाळा सुधारणार नाहीं व मूल एकटें पडेल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु खाजगी शाळेंत प्रयोग होत नाहीं, ही समजूत कोणीं करून दिली? तीन वर्षांच्या मुलास परीक्षेस बसविणें, सहाव्या वर्षीं शिकवणीस धाडणें, घरांत जी भाषा बोलत नाहींत तींत त्यास हसावयास व रडावयास लावणें, हाहि प्रयोगच आहे. मात्र त्याचे पैसे आपण भरतों, म्हणून तो प्रयोग वाटत नाहीं.

आणि अधिकाराचा हिशेब मांडला, तर गोष्ट आणखी उघड होते. २००९ च्या कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें महानगरपालिकेच्या प्रत्येक शाळेंत व्यवस्थापन समिति असावी लागते. तिच्यांत निदान तीनचतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, विकासाचा आराखडा करणें आणि अनुदानाचा विनियोग कसा होतो तें पाहणें हीं तिचीं कामें. उलट विनाअनुदानित खाजगी शाळेस हें कलम लागूच नाहीं. तेथें २०११ च्या शुल्क-नियमनाच्या कायद्यानें पालकास पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितींत जागा मिळते ती चिठ्ठ्या टाकून. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर फीविरुद्ध दाद मागावयाची तर २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. म्हणजे ज्या शाळेकडे हा वर्ग नाक मुरडून पाहतो तेथें कायदा त्यास कारभारी करावयास तयार आहे. आणि जेथें तो आयुष्याची कमाई ओततो तेथें त्यास सोडतींत निघालेली एक खुर्ची मिळाली तर मिळते. तरीहि तो दुसऱ्या दारापुढेंच रांग लावतो.

आमचें मागणें अवास्तव नाहीं. पहिली गोष्ट, दूरच्या शाळांचीं माहितीपत्रकें गोळा करण्यापूर्वीं घरापासून जी शाळा सर्वांत जवळ आहे ती एकदां आंत जाऊन पाहावी. वर सांगितलेल्या पांच गोष्टी तेथें विचाराव्या, आणि मग काय तें ठरवावें. न पाहतां वाईट म्हणण्याची चैन सुविद्य माणसास शोभत नाहीं. दुसरी गोष्ट, एका गृहसंस्थेंत दहा-वीस कुटुंबें असतात, त्यांचीं समवयस्क मुलें असतात, आणि पाण्याच्या टांकीसाठीं वा वाहनतळासाठीं हीं कुटुंबें रात्र रात्र सभा घेतात. त्यांपैकीं आठ-दहा कुटुंबांनीं मिळून एकाच वर्षीं जवळच्या महानगरपालिकेच्या वा मराठी शाळेंत मुलें घातलीं, तर कोणाचेंच मूल एकटें पडणार नाहीं. आणि जेथें कायद्यानें समिति दिली आहे तेथें तींत बसून शाळेचा नळ, शाळेचें वाचनालय व शाळेच्या रिकाम्या जागा ह्यांचा पिच्छा पुरविला, तर दोन वर्षांत फरक दिसल्यावांचून राहणार नाहीं. तिसरी गोष्ट, ज्यांस हें शक्य नाहीं त्यांनीं निदान मुलास चाळणींत घालूं देऊं नये, पावतीवांचून एक रुपया देऊं नये, आणि नगरसेवक मतें मागावयास आला असतां रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर प्रभागांतील शाळेचीहि विचारपूस करावी.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख संपवितों. ह्या व्यवहारांत सर्वांत मोठी किंमत देतें तें मूल. आणि ती किंमत रुपयांत मोजतां येत नाहीं. तिसऱ्या वर्षीं त्यास कळतें कीं, आपण कोणास तरी पसंत पडलों नाहीं, म्हणून आई रिक्षांत रडली. कां रडली हें त्यास कळत नाहीं. आपल्यामुळें रडली एवढें कळतें. पुढें कितीहि मोठी शाळा मिळाली तरी हा पहिला धडा तें विसरत नाहीं. आपल्या मुलांस हा धडा द्यावयाचा नसेल, तर त्यांच्यासाठीं अधिक चांगली रांग शोधून उपयोग नाहीं. रांगच सोडली पाहिजे. पुण्याच्या शिक्षित वर्गास एके काळीं शाळा काढतां येत होत्या. तें कसब तो विसरला असेल, तर त्यानें शेजारच्या शाळेच्या समितींत जाऊन बसावें, आणि तें पुन्हां शिकून घ्यावें.